बहिणीचे कोरे हात

माझ्या धाकट्या बहिणीचं रक्त थांबत नसे. हा काही आजार आहे हे आम्हाला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. कोणाला घाम फार येतो, कोणाची झोप सावध असते, तसंच हिचं रक्त थांबायला वेळ लागतो, अशी आईनं स्वतःची समजूत घातली होती. पहिला दुधाचा दात पडला तेव्हा दुसऱ्या दिवशीही तिच्या थुंकीत रक्त येत होतं आणि उशीची खोळ वाळून कडक झाली होती. आईनं हळद भरली, तुरटीचा खडा दातांखाली धरायला लावला, आणि कोणी विचारलं तर सांगू नको म्हणाली.

तिच्या अंगावर निळे डाग उमटत. खेळताना कोणी दंड धरला तरी बोटं उठत. शेजारची एक बाई बाबांना म्हणाली होती, "पोरीले इतकं मारत नका जाऊ जी." बाबांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. पण पुढे अंगणात झोपलेल्या बहिणीला आत न्यायचं झालं की ते तिला चादरीसकट उचलत.

कान टोचायला सोनार आला तेव्हा उजवा कान टोचून झाला आणि डावा तसाच राहिला, कारण उजव्याचं रक्त खांद्यावरून खाली परकरापर्यंत गेलं होतं. आई तिचे केस नेहमी डाव्या कानावरून ओढून बांधी. आईचा एक भाऊ लहानपणी धान कापताना पायाला विळा लागून गेला होता. जखम फार मोठी नव्हती असं आजी सांगायची. आजीनं ती गोष्ट काढली की आई उठून दुसरं काम हाती घेई.

बहीण वयात आली तेव्हा त्रास वाढला. बाकीच्या मुली चार दिवसांनी न्हाऊन कामाला लागत. ती पंधरवडा बाजूला बसलेली असे, आणि उठली की भिंत धरून चाले. तिचे ओठ धुतलेल्या तांदळासारखे दिसत. वैद्यानं उष्णता म्हटलं. उष्णतेवर जे जे देतात ते सगळं तिनं प्यायलं.

मी तेव्हा सासरी होते. आमगावच्या पुढे, रेल्वे दिसत नाही पण तिची शिटी ऐकू येते, इतक्या अंतरावरचं ते गाव. माझ्या धाकट्या दिरासाठी मुलगी पाहणं सुरू झालं तेव्हा आईनं बहिणीचं नाव पुढे केलं. मला ती एकटीला म्हणाली, "परक्या घरी दिली तं कोन समजून घेईन? तू हायस तिथं. तुह्या डोयापुढं राहीन." रक्ताचं सासरी कोणाला सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची मला सवय नव्हती.

आमच्या बाजूला लग्न ठरलेल्या मुलीच्या हातांवर गोंदण असावंच लागे. ते माहेरीच करून घ्यायचं. गोंदणारीण तीन-चार सुया एकत्र बांधते, तेलात खललेलं काजळ घेते आणि गाणं म्हणत टोचत जाते. एक बाई मुलीचे खांदे धरते, एक हसवते. मग हळद आणि तेल लावून देतात. माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ठिपके आहेत, मध्ये चूल आहे आणि एक विंचू. मला दुखलं होतं, पण रक्त मोहरीएवढं येऊन लगेच वाळलं होतं. मेल्यावर बाईचे सगळे दागिने उतरवून घेतात, गोंदणाचा एवढाच बरोबर येतो, असं म्हातार्‍या बाया सांगत. आणि ज्या सुनेचे हात कोरे, तिच्या हातचं शिजलेलं घरच्या देवांना दाखवत नसत.

लग्न होऊन बहीण आली ती कोरे हात घेऊन. आईनं आजारपणाचं निमित्त सांगून तिकडे टाळलं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाई तिला पाण्याची घागर देताना थांबल्या. तिची बाही वर सारून त्यांनी एक हात पाहिला, मग दुसरा पाहिला.

"हे काय वं? मायबापानं कोरीच धाडली?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी चुलीत लाकूड सारत होते.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "पाऊस उघडला का गोंदनारीन येतेच. नवं खायच्या पहिले करून टाकू. नव्याचा भात तं नव्या सुनेच्याच हातचा पाह्यजे."

नवं खाणं म्हणजे हलकं, लवकर पिकणारं धान पहिलं घरात आलं की त्याचा भात रांधून देवांना दाखवायचा आणि मग सगळ्यांनी खायचा. तोवर नवा तांदूळ कोणी तोंडात घालत नाही. त्याला अजून बराच अवकाश होता. मी रोज ठरवत होते की आज सांगेन.

शेवटी धान कांडायच्या ढेकीवर सांगितलं. ढेकीवर एकीनं पायानं दांडा दाबायचा आणि दुसरीनं खाली बसून उखळातलं धान हातानं परतायचं. दांडा वर असतो तेवढ्याच वेळात हात आत घालून बाहेर काढावा लागतो. सासूबाई खाली बसल्या होत्या आणि मी दाबत होते. त्यांचं तोंड उखळाकडे असल्यामुळे मला त्यांच्याकडे पाहावं लागत नव्हतं.

"मामीजी, तिले नका गोंदू," मी सासूबाईंना म्हणाले.

"काऊन?"

"तिचं रक्त थांबत नाही."

"रक्त तं सगळ्याईचंच निघते."

"निघते, पन थांबत नाही."

त्यांचा हात उखळातच राहिला. मी पाय घट्ट दाबून धरला, दांडा वरच्या वर अडला.

"आतालोक सांगितलं काऊन नाही?"

माझी नजर पायाखालच्या दांड्यावर होती.

"मले फसवलं तुह्या मायनं," त्या म्हणाल्या. "आन् तू बी." मग हात बाहेर काढून त्यांनी कोंडा झटकला. "दाब आता. पाय दुखून राहिला असंन."

त्यांना ते खरं वाटलं नव्हतं. भित्र्या मुली असं सांगतात हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. पण थोड्याच दिवसांनी बहिणीचं बोट पावशीवर, म्हणजे विळीवर, भाजी चिरताना कापलं. सकाळी कापलं, आणि गुरं घरी यायच्या वेळेलाही फडक्यातून लाल उमटत होतं. सासूबाईंनी स्वतः तीन फडकी बदलली. प्रत्येक फडकं सोडून त्या बोटाकडे टक लावून पाहत. बोट बरं होईपर्यंत त्यांनी बहिणीला शेणात हात घालू दिला नाही. मला वाटलं, सुटलो.

त्यांनी मात्र दुसराच विचार केला होता. सूनही राहिली पाहिजे आणि हातही कोरा राहू नये. आमच्याकडे जंगलातून भिलावा येतो, त्याला बिबा म्हणतात. धोबी त्याच्या रसानं कपड्यावर खूण करतो, ती कितीही धुतली तरी जात नाही. सासूबाई म्हणाल्या, कपड्यावरचं जात नाही तर कातडीवरचं काय जाईल? सुई नाही, टोचणं नाही, रक्ताचा थेंब नाही.

गोंदणारीण आली होती, ती ओसरीवर बसून हसली. "बाई, मंग मले कायले बलावलं? धोब्याले बलवाचं."

"तू मजुरीचे तांदूर घेऊन जाय, बोलू नोको," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी बांबूची काडी तासून घेतली आणि बहिणीच्या डाव्या हातावर एक एक ठिपका स्वतः ठेवला. चूल काढली, तिच्या भोवती दाणे काढले. बहीण हसत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती. खूप दिवसांनी मी तिला तशी हसताना पाहिलं. "पाह्य, झालं का नाही?" सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. उजवा हात उद्या करू असं ठरलं. मलाही ते चांगलंच वाटलं होतं. पायाच्या भेगांवर आम्ही सगळ्या बिबा लावत असू. हाताच्या आतली कातडी टाचेसारखी नसते, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हात लाल झाला, खाज सुटली. मग प्रत्येक ठिपक्याच्या जागी पाण्याचा फोड आला आणि फोड एकमेकांत मिसळले. बिबा उतला की खोबरं लावतात, तीळ वाटून लावतात. ते सगळं लावलं. दुसऱ्या कोणाचा हात असता तर आठ-दहा दिवसांत खपली धरून बरा झाला असता. तिचे फोड फुटले आणि पाण्यामागून रक्त यायला लागलं. ते धारेनं येत नव्हतं, पाझरत होतं. खाजेनं तिनं हात रात्री कुठे आपटला असावा, कारण सकाळी कोपराखालचा भाग टरटरून सुजला होता आणि जांभळा-काळा पडला होता. अंगात ताप होता. सासूबाई तिचा हात मांडीवर घेऊन बसल्या. जेवायला उठल्या नाहीत. "मीच केलं," असं एकदाच म्हणाल्या, ते कोणाला उद्देशून नव्हतं.

मामाजींनी बैल जुंपले. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्यासमोर माझा पदर नाकापर्यंत असे आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं झालं तर दिराला सांगायचं, किंवा दाराला सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. आमगावपर्यंत गाडी, तिथून आगगाडीनं गोंदिया. बरोबर मामाजी, दीर आणि बहिणीला सांभाळायला मी.

दवाखान्याचे डॉक्टर हिंदी बोलणारे होते. त्यांनी हात पाहिला, दाबून पाहिला. बहीण कण्हली. ते म्हणाले, आत पू साठला आहे, चिरून काढावा लागेल, नाहीतर विष अंगात पसरेल. कंपाऊंडरनं ताटलीत हत्यारं आणून ठेवली. दीर पाणी आणायला विहिरीवर गेला होता.

चाकू हातात घेण्याआधी डॉक्टरांनी मामाजींना विचारलं, "पहले कभी ऐसा हुआ? खून ज्यादा बहा कभी?"

"नाही जी," मामाजी म्हणाले. "पोरगी चांगली हाय."

ते खोटं बोलत नव्हते. सासूबाईंना मी सांगितलं होतं, पण बायकांच्या त्या गोष्टी त्यांच्यापर्यंत गेल्या नव्हत्या. मी दाराकडे पाहिलं. दीर येत नव्हता. बहीण डोळे मिटून पडली होती, तिला विचारून उपयोग नव्हता. आईच्या भावाची जखम फार मोठी नव्हती, आणि हे तर कोपरापासून मनगटापर्यंत चिरणार होते. मी खाटेच्या पायाकडे पाहिलं आणि बोलले, "चिरू नका. हिचं रक्त थांबत नाही."

डॉक्टरांनी नीट ऐकलं नसावं. "बाई, मुझसे बोलो. खटिया से मत बोलो."

कंपाऊंडर हसला. मी पुन्हा सांगितलं, दाताचं सांगितलं, कानाचं सांगितलं. आईच्या भावाचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी चाकू ताटलीत ठेवला. तो आईचा सख्खा भाऊ का, हे त्यांनी विचारलं. मग विचारलं, महिन्याचं कसं असतं?

आता मामाजी अगदी माझ्या शेजारी उभे होते. मी पदर आणखी खाली ओढला. मामाजींनी खांद्यावरचं उपरणं सावरलं, "बैल पाहून येतो" म्हणाले आणि बाहेर निघून गेले. बैल तर आमगावला एका ओळखीच्याच्या अंगणात बांधले होते. ते बाहेर व्हरांड्यात पाठ करून उभे राहिले. मी सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी बहिणीच्या कानाच्या पाळीला बारीक सुई टोचली आणि टिपकागदानं टिपत राहिले. कागदावर लाल ठिपक्यांची एक रांग झाली, मग दुसरी. त्यांनी मला कागद दाखवला. आपल्यासारख्या माणसाचे ठिपके लहान लहान होत जातात आणि संपतात, असं ते म्हणाले. हिचे सगळे सारख्याच आकाराचे होते. मग त्यांनी पाळी कापसानं दाबून धरायला मला सांगितलं आणि हत्यारांची ताटली परत पाठवली. हाताची सूज पुवाची नव्हती, आतल्या आत साठलेल्या रक्ताची होती. चिरलं असतं तर ते बाहेर आलं असतं आणि मागचंही आलं असतं.

"किताब में पढ़ा था," ते मामाजींना म्हणाले, "देखा पहली बार. नाम है, दवा नहीं है."

घट्ट पट्ट्या बांधून, हात दोरीनं वर टांगून, थंड पाण्याच्या घड्या घालत आम्ही तिथे पुष्कळ दिवस राहिलो. दीर स्टेशनाजवळून जेवण आणी. मामाजी शेतीसाठी गावी जात आणि परत येत. आले की खाटेपासून थोडं दूर उभे राहून विचारत, "कसं हाय आता?" ते मलाच विचारत. पहिल्यांदा मी खाटेला उत्तर दिलं. नंतर त्यांना दिलं.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, सुई नाही, चाकू नाही, दात काढायचा नाही, कोणी अंगावर हात टाकायचा नाही, आणि दिवस गेले तर बाळंतपण गावात करायचं नाही. पुढचं इथंच लिहून टाकते. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातच गेलं. दोन्ही वेळा गोंदियाला नेलं. ती परत आली, यालाच आम्ही मोठं मानलं. दिरानं दुसरी करावी असं नातेवाइकांत निघालं होतं. तो म्हणाला, माझी आहे ती मला पुरते. आणि विषय तिथेच संपला.

त्या वर्षी आम्ही गावी आलो तेव्हा हलकं धान पिवळं पडलं होतं. मामाजी गाडीतून उतरताच सासूबाईंना म्हणाले, "सुईचं नाव काढाचं नाही या घरी." बहिणीचा हात सासूबाईंनी उलटसुलट करून पाहिला. कातडी गुलाबी-पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती. त्यात चूलही ओळखू येत नव्हती आणि दाणेही नव्हते. त्यांनी तिला आंघोळीचं पाणी स्वतः तापवून दिलं.

पण नवं खायचं होतंच. पाणवठ्यावर एका बाईनं त्यांना टोचलंच, "काऊन वं, यंदा देवाले कोऱ्या हातचा भात काय?"

"देव जेवाले माह्या घरी येते का तुह्या?" सासूबाई म्हणाल्या.

त्या बोलल्या खऱ्या, पण त्यांना स्वतःलाच ते पटत नव्हतं. देवांना त्या भीत होत्या, आणि मला वाटतं, त्याहून जास्त त्यांना ही भीती होती की ही मुलगी फार दिवसांची नाही आणि गेली तर रिकाम्या हातांनी जाईल. एकदा शेण सारवताना त्यांनी मला विचारलंही, "तिच्या वाट्याचं दुसऱ्यानं घेतलं तं चालते का वं?" मला समजलं नाही. मी म्हटलं, काय माहीत.

गोंदणारीण शेजारच्या गावी होती. तिला त्यांनी पुन्हा बोलावलं. ती आली तेव्हा मामाजी शेतावर होते. बहीण दारात होती, ती एकदम मागे सरली.

"तू कायले भेतेस?" सासूबाई तिला म्हणाल्या, आणि ओसरीवर पाय पसरून बसल्या. त्यांचे दोन्ही हात लग्नाच्या वेळीच गोंदून भरले होते, मनगटापासून वर कुठे जागा नव्हती. त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. "इथं काढ. पोटरीवर. नव्या सुनेच्या नावाचं हाय हे, ध्यानात ठेव. मंग नव्याचा भात तिच्याच हातचा होईन. तिच्या हातावर जे काढलं असतं तेच काढ, कमी नोको करू."

गोंदणारीण म्हणाली, "म्हातारी कातडी हाय बाई. शाई पसरते."

"पसरू दे. देवाले समजते."

त्या मागे टेकल्या आणि डोळे मिटून घेतले. गोंदणारीण गायला लागली. मुलींना हसवायची गाणी ती, सासूबाईंच्या वयाला न शोभणारी. एका ओळीला त्या स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "गप वं, सुना हाय समोर." मी हळद-तेल घेऊन बसले होते. बहीण हळूहळू जवळ आली आणि त्यांच्या पायाशी बसली. सुई उचलली की तिथे रक्ताचा बारीक मणी येत होता. बहिणीनं पुसायला फडकं पुढे केलं, पण तोवर तो मणी वाळून गेला होता. दुसरा आला, तोही तसाच वाळला. ती फडकं हातात धरून पाहत राहिली. आपलं सोडून दुसऱ्या कोणाचं रक्त तिनं इतक्या जवळून कधी पाहिलं नसावं.

"किती लौकर थांबते, मामीजी," ती म्हणाली.

"म्हातारीत हायच किती," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "दाब, तरी बी दाब."

बहीण दाबत राहिली. गोंदणारिणीचं काम झालं, तिनं तांदूळ पदरात बांधले, ती निघून गेली. पोटरीवर रक्ताचा मागमूसही नव्हता. तरी बहीण दोन्ही हातांनी फडकं दाबून बसली होती आणि सासूबाईंनी तिला उठ म्हटलं नाही.